पाहणाऱ्याचा मासा

११ मे

यूस्तचं पत्र आलं. धक्क्यावरच उघडलं, दोनदा वाचलं, खिशात घातलं आणि घरी येऊन सुन्निवाला म्हणालो, "तीन नंबरची खोली जूनपासून कुणाला देऊ नकोस. जुना पाहुणा येतोय."

"कोण?"

"यूस्त."

चादरींच्या घड्या घालता घालता तिचे हात थांबले. "तो हॉलंडचा? आणि तू त्याला घरात घेणार?"

"समुद्राकडची खोली देणार. न्याहारीला तुझा रूबार्बचा मुरंबाही वाढणार."

बत्तीस वर्षं माझ्याबरोबर काढलेली बाई आहे. पुढे काही विचारलं नाही. नुसती म्हणाली, "मला यात घेऊ नकोस."

ही वही माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही, म्हणून सरळ लिहितो. या माणसाला मी बुडवणार आहे. पाण्यात नाही, ते सोपं असतं, आणि त्याला आमच्या फेरो बेटांवरसुद्धा तुरुंग आहे. मी त्याला त्याच्याच माणसांच्या हातून बुडवणार, जसं त्यानं माझ्या भावाला जगाच्या हातून बुडवलं.

१२ मे

काल राग इतका होता की काय झालं तेच लिहायचं राहिलं.

गेल्या उन्हाळ्यात यूस्त कॅमेरा घेऊन आला आणि पाच आठवडे आमच्याकडे राहिला. गोड माणूस. आपणहून भांडी विसळायला यायचा. मीच त्याला हानुसकडे घेऊन गेलो. हानुस माझा थोरला भाऊ, हेल्लुवीक गावाचा अठ्ठावीस वर्षांचा मुकादम. देवमाशांचा कळप, म्हणजे आमची ग्रिंद, दिसली की ती खाडीत आणायची की सोडून द्यायची, पाण्यात कुणी उतरायचं, भाला कुणी धरायचा, हे सगळं मुकादमाच्या शब्दावर. हानुसचा एकच हट्ट: माशाचा जीव जायला वेळ लागता कामा नये. वेळ लागला तर त्या दिवशी जेवायचा नाही.

ऑगस्टात ग्रिंद आली. दहा मिनिटांत सगळं शांत. हानुस छातीभर लाल पाण्यात उभा होता. त्याच्या बायकोचं नाव घेऊन मी काठावरून ओरडलो, "हानुस, मालान म्हणतेय तो स्वेटर ती धुणार नाही, आता तिथंच संसार थाट!" मान मागे टाकून हसला. तो हसायचा तेव्हा घोडा खिंकाळल्यासारखं वाटायचं.

यूस्तच्या सिनेमात एवढंच आहे. लाल पाणी आणि हसणारा हानुस. अकरा सेकंद. मूळ आवाज काढून टाकलाय, वर व्हायोलिन. ते अकरा सेकंद जगभर फिरले. खाली लोकांनीच नाव दिलं: मरणाला हसणारा कसाई.

१९ मे

हानुसकडे गेलो. खिडकीशी दुर्बीण घेऊन बसलेला. फोन भिंतीवरून काढून टाकलाय. फेब्रुवारीत मुकादमकी रोईच्या हाती दिली, तेव्हापासून नावेच्या शेडकडे फिरकलेला नाही.

मालान वहिनींनी पिशवीभर पत्रं दाखवली. "हे बघ, ब्राझीलहून. कुणी बाई आहे. लिहिते, तुझी नातवंडं बुडून मरोत. नातवंडं तिला काय ठाऊक!"

"जाळून टाका ना."

"तो जाळू देत नाही."

मी हानुसला सांगितलं की यूस्त परत येतोय. तो पाण्याकडेच बघत होता. मग म्हणाला, "मला त्याच्याकडून काही नको. तुलाही नको असलं पाहिजे."

"मी कुठं काय म्हटलं?"

"तू गोड बोलायला लागलास की मला कळतं."

"हानुस, एकदा तरी सांग लोकांना, की तू माशांना हसत नव्हतास."

"मग कशाला हसत होतो म्हणून विचारतील."

"विचारू देत की!"

त्यानं दुर्बीण डोळ्याला लावली. "राहू दे, मिक्याल. कॉफी घे."

म्हातारा झालाय. लढायची उमेदच राहिलेली नाही. म्हणून त्याच्या वाटची लढाई मला लढायला हवी.

३ जून

आला. बारीक झालाय. मी धक्क्यावर मिठी मारली. बोटीवरून उतरणाऱ्या तिघांनी ती पाहिली, म्हणजे संध्याकाळपर्यंत गावानं पाहिली.

जेवताना सुन्निवानं त्याच्यापुढे सुकवलेलं मटण ठेवलं नाही, बटाटे ठेवले. मग विचारलं, "मांस खात नाहीस. चीज?"

"खातो."

"मग गाय विते, त्या वासराचं तुमच्याकडे काय करतात?"

त्यानं काटा ताटात ठेवला. मग म्हणाला, "कुणी बघू नये म्हणून भिंत बांधतात."

"आमच्याकडे भिंत नाही," ती म्हणाली. "एवढाच फरक असला तर तू तिकडं जाऊन कॅमेरा लावायचास."

मला वाटलं, वाद घालील. तो म्हणाला, "लावायला हवा होता," आणि बटाटे खाऊ लागला. बनेल आहे. आधी मान्य करायचं, मग कापायचं, ही त्यांची रीत.

जेवणानंतर माझ्या हाती एक पाकीट दिलं. "हानुससाठी. मी गेलो तर मालान दार उघडणार नाही. तू देशील?"

"उद्याच देतो."

पाकीट या वहीत ठेवलंय. उघडलं नाही. एवढा हलका मी नाही. पण हानुसच्या हाती गोडगोड माफी पडली की तो विरघळणार, आणि मग मी कुणासाठी काय करत होतो?

२२ जून

सापडलं. कसं बुडवायचं ते सापडलं.

मी चौदाव्या वर्षी कारखान्यात माशांची मुंडकी उडवायला लागलो. आज सात खोल्या आहेत आणि कड्यांवरचे पक्षी दाखवायला स्वतःची बोट आहे. हे सगळं मी हातांनी कमी आणि कानांनी जास्त मिळवलंय. लोक दुकानात बोलतात, मी बिस्किटं निवडत उभा राहतो.

आज रोई बोलत होता. त्याच्या मामेभावानं कळप पाहिला, पण फोन बंद पडला, तेवढ्यात दुसऱ्यानं कळवलं, आणि पाहणाऱ्याचा मासा गेला. अजून रडतोय म्हणे.

ग्रिंदीचं मांस आमच्याकडे विकत नाहीत, घरोघर वाटतात. पण वाटणीच्या आधी एक मासा बाजूला निघतो, तो ज्यानं कळप पहिल्यांदा पाहिला आणि फोनवर किंवा बोटीच्या रेडिओवर कळवला त्याचा. फौजदार त्याचं नाव यादीच्या पहिल्या ओळीत लिहितो, धक्क्यावर उभा राहून मोठ्यानं वाचतो आणि यादी शेडच्या दाराला लावतो. मग तो माणूस गावचा असो की परका. आमच्यात भावाची जमीन गिळणारे आहेत, दुसऱ्याच्या मेंढ्यांच्या कानावरची खूण बदलणारे आहेत. पण या नावात खोटं कुणी केल्याचं ऐकलेलं नाही.

यूस्तचं नाव त्या पहिल्या ओळीत. त्याचा आवाज रेडिओवर. आहा!

२९ जुलै

सणाचा दिवस. हॉलमध्ये हात धरून गोल नाचलो. जुनी गाणी हानुस सांगायचा, सगळे मागून म्हणायचे. या वर्षी रोईनं सांगितली आणि चौथ्या कडव्यात अडकला. सगळ्यांची पावलं थांबली. कुणी हानुसचं नाव काढलं नाही.

यूस्त दाराशी उभा होता. त्याला कुणी हात दिला नाही. मी दिला, ओढून गोलात घेतला. लोक माझ्याकडे वाईट बघत होते. बघू देत. माझा हात त्याच्या हातात होता आणि मी पावलं आपटत मनात म्हणत होतो, थांब, थांब, थांब.

९ ऑगस्ट

झालं. सगळं नीट लिहून ठेवतो, म्हातारपणी वाचायला.

सकाळी यूस्तला पक्षी दाखवायला बोटीवर घेतलं. दक्षिणेच्या टेकाडाबाहेर दहा चाळीसला मला पाठी दिसल्या. पाच-सहा, मग बारा, मग मोजणं सोडलं. ऊन पाण्यावर, वारा नाही, भरती पूर्ण. ग्रिंदीला याहून चांगली वेळ देव देत नाही. रेडिओला हात घालणं हा आमच्या अंगातलाच भाग आहे. माझा हात आपोआप उठला. मी तो खाली बसवला.

यूस्त मागे बसून कड्याकडे बघत होता. मी सुकाणू वळवलं. मोठा गोल घेतला, हळूहळू, कळप बुजू नये म्हणून आणि ऊन त्याच्या पाठीशी यावं म्हणून. वेळ लागला. मग इंजिन बंद केलं, रेडिओ सगळ्यांच्या चॅनेलवर लावला, "यूस्त, त्या बाजूला ते काय रे?" म्हणून विचारलं आणि लगेच बोलायचं बटण दाबून धरलं.

तो उठला आणि लहान मुलासारखा ओरडला. "देवमासे! मिक्याल, देवमासे! शंभर तरी असतील! पिल्लंपण आहेत! केवढे सुंदर!"

मी बटण सोडलं. लगेच रोईचा आवाज, "कोण बोललं? कुठं?"

"टेकाडाच्या दक्षिणेला," मी सांगितलं. "माझ्या पाहुण्यानं पाहिलेत. त्याचं नाव लिहून घ्या."

यूस्तचा चेहरा! बघत राहावा असा. "नाही. मिक्याल, मी त्यांना बोलावलं नाही. सांग त्यांना, मी बोलावलं नाही."

"तूच ओरडलास, बाबा. आमचा नियम आहे. मी काय करणार?"

अर्ध्या तासात वीस होड्या. पुढचं मात्र जमलं नाही. कळप खाडीच्या तोंडाशी आला तोवर ओहोटी लागलेली. बाहेरचे खडक उघडे पडले आणि सहा मासे त्यांच्यात अडकले. ना पोहता येई, ना वाळूपर्यंत ओढता येई. माणसं घसरत होती, दोरांचे आकडे माशांपर्यंत पोचत नव्हते. रोई ओरडून ओरडून घोगरा झाला. शेवटच्या मादीला फार वेळ लागला. रोई नवखा आहे. हानुस असता तर असं झालं नसतं.

आणि ऐका: यूस्तनं कॅमेरा बाहेरच काढला नाही. काठावर नुसता उभा होता. मग एकाएकी बुटांसकट पाण्यात उतरला, रोईच्या मागे दोराला हात घातला आणि त्या अडकलेल्या मादीला ओढू लागला, बाकीच्यांबरोबर, रडत रडत, "लवकर, लवकर" म्हणत. प्राण्यांचा कैवारी दोर ओढतोय! कुणीतरी फोटो काढला. मी नाही, पण काढणाऱ्याला कॉफी पाजायला हवी.

१० ऑगस्ट

फौजदारानं यादी वाचली. "पाहणाऱ्याचा मासा, क्रमांक सतरा, यूस्त, हॉलंडचा." धक्क्यावर दोनशे माणसं. काही हसली. मी हसलो नाही, फक्त टोपी काढली.

फौजदारानं त्याला विचारलं, "तुझा मासा कुणाला द्यायचा? तू खाणार नाहीस."

"हानुसच्या घरी द्या," तो म्हणाला.

निर्लज्ज! पण यादीत नाव आहे ते आहे.

दुपारपर्यंत रेडिओवरचं बोलणं इंटरनेटवर. शेजारी दोराचा फोटो. त्याच्याच माणसांनी त्याला फाडलंय. ज्या संस्थेनं त्याचा सिनेमा जगभर नेला तिनं लिहिलंय, आमचा या माणसाशी संबंध नाही. कुणी लिहिलंय, यानं कळप विकला. कुणी त्याच्या आईचा पत्ता दिलाय. मी चष्मा लावून एकूण एक वाचलं. दुकानात म्हणालो, "अकरा सेकंद पुरतात हो!" कुणी हसलं नाही, माणसं अजून ग्रिंदीनं दमलेली आहेत.

१२ ऑगस्ट

यूस्त सकाळच्या बोटीनं गेला. दोन दिवस स्वयंपाकघरात बसून होता, सुन्निवा त्याला सूप देत होती. माझ्याशी ती फक्त मीठ कुठं आहे एवढंच बोलते.

धक्क्यावर त्यानं विचारलं, "चिठ्ठी दिली होतीस ना?"

"दिली की."

"काही म्हणाला?"

"काही नाही."

त्यानं मान हलवली. "बरोबर आहे. मी असतो तर मीही काही म्हटलं नसतं." आणि माझे आभार मानले. खोलीचे, मुरंब्याचे.

बोट टेकाडापलीकडे गेली. वर्षभर या क्षणाची वाट पाहिली होती. घरी आलो, कॉफी केली, ती तशीच थंड झाली. दमलो असेन.

१३ ऑगस्ट

सकाळी रोई आला. "हानुसनं मांस घेतलं नाही. सतरा नंबर शेडमध्ये तसाच टांगलाय. तुला बोलावलंय."

गेलो. जाताना मनात म्हणत होतो, आता त्याला सगळं सांगायचं, कसं फेडलं ते. एकदा तरी हसेल.

हानुस टेबलाशी बसला होता. पुढ्यात घड्याळ, दुर्बीण आणि एक उघडलेलं पाकीट. ते पाकीट मी लगेच ओळखलं. माझ्या या वहीच्या पानांतून ते कुणी काढलं असेल तेही लगेच कळलं. म्हणजे सुन्निवानं वहीही वाचली.

"बस," हानुस म्हणाला. "दहा चाळीसला तुझी बोट कळपासमोर आली. मी मालानला म्हणालो, मिक्यालनं ग्रिंद पाहिली, आता रेडिओ वाजेल. वाजला नाही. तू गोल फिरायला लागलास. अकरा वाजून पाच मिनिटांनी त्या माणसाचा आवाज आला."

"पंचवीस मिनिटांनी काय होतं, हानुस? तुझ्यासाठीच तर..."

"भरती थांबली का माझ्यासाठी?"

मी खुर्ची ओढून बसलो.

"खडकांवरच्या शेवटच्या मादीला किती वेळ लागला?"

"रोई नवखा आहे. त्यानं..."

"किती?"

"अर्धा तास असेल."

त्यानं पुढ्यातलं घड्याळ पालथं घातलं. "मला वर्षभर कसाई म्हणाले. ते खोटं होतं, म्हणून मला झोप येत होती. आता हे खरं झालं. आणि पाहणाऱ्याचं नावही खोटं झालं. त्यानं माझं अर्धंच दाखवलं. तू त्याचं अर्धंच ऐकवलंस. वर अर्धा तास त्या मादीला तडफडत ठेवलंस. तिनं आपलं काय केलं होतं?"

मी टोपी उचलून उठलो.

"आधी फौजदाराकडे जा," तो म्हणाला. "मग उद्या इथं ये. आणि पेन आण. तुझं अक्षर बरं आहे."

१४ ऑगस्ट

फौजदारानं सगळं ऐकून घेतलं. टोपी टेबलावर ठेवली, पुन्हा डोक्यावर घातली. "मिक्याल, असला अर्ज माझ्याकडे छापलेलाच नाही," म्हणाला. मग स्वतः शेडपर्यंत आला आणि दारावरच्या यादीत पहिल्या ओळीवर रेघ मारून माझं नाव लिहिलं. पुढे वेळ लिहिली: दहा चाळीस. त्याखाली: कळवलं, अकरा पाच. बास, एवढंच. ज्याला भरती कळते त्याला बाकीचं कळतं, आणि हेल्लुवीकमध्ये ती कुणाला कळत नाही? दुकानाच्या पायरीवरची माणसं उठून आत गेली.

हानुसकडे सुन्निवा आधीच येऊन बसली होती. मालान वहिनींनी माझ्यापुढे कॉफी ठेवली, कप जरा जोरात.

हानुसनं यूस्तची चिठ्ठी माझ्याकडे सरकवली. "मोठ्यानं वाच."

वाचली. "ते अकरा सेकंद मी कापले नाहीत, पण मी कापू दिले. माझ्याकडे आवाज राहिलेला नाही, तो पुसला गेला. त्या दिवशी तू कशाला हसलास? एवढं मला सांग, नाव घालून सांग. मी ते परत लावून सगळीकडे दाखवीन. ऐकतील की नाही माहीत नाही."

तारीख ३ जून. दहा आठवडे ती माझ्या वहीत होती.

चिठ्ठी खाली ठेवताना मला काठावरची माझी स्वतःची हाक ऐकू आली. माझे कान चांगले आहेत असं मी सगळ्यांना सांगत फिरतो.

"तू वर्षभर का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर ही पिशवीभर पत्रं तुझ्या दाराशी आली असती. तुझ्या सात खोल्यांत मग कोण उतरलं असतं?" त्यानं कागद पुढे केला. "लिही. यूस्तला. तू कळप विकला नाहीस. पहिला मी, मिक्यालनं, पाहिला आणि गप्प बसलो. हे त्याच्या माणसांना दाखवता येईल असं लिही."

लिहिलं.

"आता पुढचं. गेल्या ऑगस्टात हानुस का हसला ते."

मी लिहायला लागलो. मी काठावर होतो. मी ओरडलो, हानुस, मालान म्हणतेय तो स्वेटर ती धुणार नाही, आता तिथंच संसार थाट. लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत होतो. स्वयंपाकघरात कुणी हसलं नाही.

"मी असं कधी म्हटलंच नव्हतं," मालान वहिनी म्हणाल्या.

"तेही लिही," हानुस म्हणाला.

तेही लिहिलं.

पिशवी टेबलाखाली माझ्या पायाला लागत होती. हे पत्र गेलं की पुढची पिशवी कुणाच्या नावानं येणार हे मला नीट कळत होतं, आणि हानुसलाही. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. ते दयेचं होतं की सुडाचं, इतकी वर्षं त्याचा भाऊ असून मला ओळखता आलं नाही.

"नाव घालून सांग म्हणालाय तो," हानुस म्हणाला. "खाली सही तुझी कर. पूर्ण नाव, गाव, घराचं नाव."

केली.